थंडीत अडून बसणारा ट्रक

कॅनडातील मॅनिटोबा प्रांतात जानेवारीत पारा उणे ३० अंश सेल्सिअसखाली गेला तर कोणाला नवल वाटत नाही. अशा सकाळी स्वयंचलित गिअरचा जुना पिकअप ट्रक सुरू करावा, तर इंजिन व्यवस्थित घरघरते, दांडा ‘ड्राइव्ह’वर येतो, पण गाडी जागची हलत नाही. काही मिनिटांनी एक धक्का बसतो आणि ती निमूटपणे चालू लागते. दुपारी गॅरेजमध्ये नेली तर मेकॅनिकला दोषच सापडत नाही!

या गाडीत क्लचचे पेडल नसते. ते काम तेल करते. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवून एकच चालू केला, तर त्याच्या वाऱ्याने दुसऱ्याची पातीही फिरू लागतात. इंजिनामागच्या ‘टॉर्क कन्व्हर्टर’मध्ये असेच घडते, फक्त हवेऐवजी तेल असते. पुढे गिअर बदलणाऱ्या क्लचच्या चकत्याही तेलाच्या दाबानेच एकमेकींवर आवळल्या जातात. हा दाब एक पंप निर्माण करतो. पंपाला तेल मिळाले नाही, तर सारेच अडते.

थंडीत तेलाची श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा विरोध, विलक्षण वाढते. १९९३ साली आलेल्या ‘डेक्स्रॉन-३’ तेलाची श्यानता १०० अंशांना साधारण ६ सेंटीपॉइज असते. उणे ४० अंशांना ती २०,००० पर्यंत जाण्यास मानकाचीच मुभा होती! असे तेल गाळणीतून ओढताना पंपाची दमछाक होते.

वर्गात येथे थिजलेल्या खोबरेल तेलाचे उदाहरण द्यावेसे वाटेल. आम्हालाही तेच प्रथम सुचले होते. पण ते चुकीचे आहे. खोबरेल गोठते, म्हणजे त्याची अवस्था बदलते. गिअरचे तेल येथे द्रवच राहते, फक्त दाट होते. त्यापेक्षा काकवी बरी. दोन परीक्षानळ्यांत ती सारखी भरा, एक बर्फात व एक गरम पाण्यात ठेवा आणि छोटा छर्रा तळाशी पोचायला लागणारा वेळ मोजा.

मग नवा ट्रक त्याच थंडीत कसा चालतो? क्लचचा दाब अडवून धरणारी रबरी सील वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कडक होतात. थंडीत ती आणखी ताठरतात, आक्रसतात आणि कडेने तेल निसटते. गाडी तापली की रबर मऊ होते, फट बुजते. म्हणूनच दुपारी दोष सापडत नाही. याउलट, गाडी तापल्यावरच गिअर घसरू लागले, तर संशय झिजलेल्या पंपावर घ्यावा, कारण पातळ तेल त्याच्या फटींतून परत फिरते.

अशा वेळी घाईने ॲक्सिलरेटर दाबणे सर्वांत वाईट. अर्धवट आवळलेल्या चकत्या एकमेकींवर घासून जळतात आणि तो दोष उन्हाळ्यातही राहतो. इंजिन संथ चालू ठेवून थांबावे. काही जुन्या गिअरबॉक्समध्ये ‘पार्क’वर असताना कन्व्हर्टरकडे तेल जातच नाही. तेथे हँडब्रेक ओढून दांडा ‘न्यूट्रल’वर ठेवावा लागतो.

सील बदलायची तर अख्खा गिअरबॉक्स उतरवून खोलावा लागतो. जुन्या ट्रकसाठी एवढा खर्च नको म्हणून मालक चालढकल करतो. वसंतात तक्रार आपोआप थांबते. सील मात्र कडक होतच राहते, आणि पुढच्या हिवाळ्यात ट्रक उणे ३० ची वाट न पाहता उणे २० लाच अडून बसतो.