वाहनाने केलेला हल्ला : दुखापतीचे उत्तरपरिणाम आणि त्यांची वैद्यकीय नोंद

मोटारीच्या धडकेने मनुष्य जखमी झाला म्हणजे तो अपघात, अशी सर्वसाधारण समजूत आहे, आणि बहुतेक प्रसंगी ती बरोबरही असते. परंतु चालकाने जाणूनबुजून एखाद्याच्या अंगावर गाडी घातली तरी हाडे मोडावयाची ती तशीच मोडतात. भेद असतो तो हेतूचा. हा हेतू वैद्यकीय नोंदीत कसा उतरतो व काही वर्षांनी त्यातून कसा नाहीसा होतो, हा प्रश्न वरवर दिसतो तितका रुक्ष नाही.

मृत्यूच्या कारणांची आंतरराष्ट्रीय यादी झाक बर्तियाँ या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञाने १८९३ मध्ये मांडली. १९९० मध्ये मान्य झालेल्या तिच्या दहाव्या आवृत्तीत दुखापतीला दोन संकेतांक द्यावयाचे असतात : एक शरीरास काय झाले याचा, दुसरा ते कशामुळे झाले याचा. रस्त्यावरील अपघात ‘व्ही’ या अक्षराखाली येतात. मोटार आदळून केलेला हल्ला ‘वाय ०३’, धावत्या वस्तूपुढे ढकलून केलेला हल्ला ‘वाय ०२’, स्वतः मोटार आदळून केलेला आत्मघात ‘एक्स ८२’, आणि हेतू ठरविताच न आल्यास ‘वाय ३२’. म्हणजे नडगीचे एकच मोडलेले हाड चार निरनिराळ्या कोष्टकांत जाऊ शकते.

संकेतांक देणारा कारकून न्यायाधीश नसतो. डॉक्टरने जे लिहिले त्यावरच त्याला विसंबावे लागते. पुण्यात २५ जानेवारी २०१२ रोजी एका चालकाने स्वारगेट आगारातून एस. टी. बस पळवून भर रस्त्यात लोकांच्या अंगावर घातली आणि ९ जण मृत्युमुखी पडले. त्याच्या मनःस्थितीचा वाद न्यायालयांत पुढे कित्येक वर्षे चालला. सर्वोच्च न्यायालयाने त्याची फाशी रद्द करून जन्मठेप दिली ती २०१९ मध्ये. जखमींच्या केसपेपरास इतके दिवस थांबता येत नाही. पहिल्या रात्री घाईत ‘वाहन अपघात’ असे लिहिले गेले आणि पुढे कोणी ते दुरुस्त केले नाही, तर हल्ल्याची गणना अपघातातच होते.

उत्तरपरिणामांची कथा याहून लांब आहे. पायी चालणाऱ्या प्रौढास बंपरचा तडाखा प्रथम पायास बसतो, मग डोके बॉनेटवर वा काचेवर आपटते, आणि अखेरीस देह रस्त्यावर पडतो. त्यामुळे पाय, कटिर व मेंदू यांची इजा अनेकदा एकत्र आढळते. हाड सांधले तरी सांध्याची झीज वर्षानुवर्षे वाढत राहते. मेंदूच्या इजेनंतर अपस्माराचे झटके कित्येक महिन्यांनी, क्वचित वर्षांनीही, सुरू होतात. स्मृती व स्वभाव पालटतो, आणि हा पालट घरच्यांना डॉक्टरच्या आधी कळतो. मज्जारज्जू दुखावलेल्या रुग्णाचा जीव पुढे शय्याव्रण व मूत्रमार्गाचा संसर्ग यांनी धोक्यात येतो. आघातोत्तर मनोविकृती तर केवळ अपघातापेक्षा हेतुपुरस्सर हिंसेनंतर अधिक प्रमाणात आढळते. आपल्याला कोणी मारू पाहत होते, हे ज्ञान हीच एक स्वतंत्र जखम असते.

बर्लिनमध्ये १९ डिसेंबर २०१६ रोजी नाताळच्या बाजारात ट्रक घुसवून झालेल्या हल्ल्यात १२ जण मृत्यू पावले. मदतीस धावलेला एक मनुष्य त्या वेळी गंभीर जखमी झाला व ऑक्टोबर २०२१ मध्ये त्या दुखापतीच्या परिणामांनी मरण पावला. तो तेरावा बळी गणला गेला. दहाव्या आवृत्तीत घटनेनंतर एक वर्ष वा अधिक काळाने उद्भवणाऱ्या परिणामांसाठी निराळे संकेतांक आहेत. हल्ल्याच्या उत्तरपरिणामांचा संकेतांक ‘वाय ८७.१’. पण चाकू, बंदूक आणि ट्रक हे सारे या एकाच खान्यात पडतात. हल्ला झाला एवढे उरते, वाहन नाहीसे होते. अमेरिकेत रुग्णालयीन नोंदींसाठी १ ऑक्टोबर २०१५ पासून रूढ असलेल्या सुधारित संहितेत ही उणीव नाही : तेथे मूळ ‘वाय ०३’च कायम ठेवून शेवटी ‘एस’ हे अक्षर जोडतात. १ जानेवारी २०२२ पासून अंमलात आलेल्या अकराव्या आवृत्तीतही अनेक संकेतांक एकत्र गुंफण्याची सोय आहे.

अर्थात, मूळ कागदावरच काही नसेल तर कोणतीही संहिता उपयोगी पडणार नाही. आपल्याकडे जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ अन्वये रुग्णालयाने भरावयाच्या मृत्यूच्या कारणाच्या दाखल्यात तात्कालिक कारणापासून मूळ कारणापर्यंतची साखळी लिहावयाची असते. मज्जारज्जूच्या इजेने आठ वर्षे अंथरुणास खिळलेला रुग्ण दगावतो, तेव्हा पहिल्या ओळीत ‘रक्तदोष’ लिहून लेखणी थांबली, तर त्याच्या अंगावर एके दिवशी गाडी घालण्यात आली होती याचा कोठेही मागमूस राहत नाही. वस्तुतः त्याच दाखल्यात ‘दुखापत कशी झाली ?’ असाही एक रकाना छापलेला असतो.