जुना बंब घेताय? आधी जागा पाहा

थंडी सुरू झाली की पाणी तापवण्याचा प्रश्न घरोघरी येतो. पूर्वी त्याचे उत्तर होते तांब्याचा बंब. पुढे विजेचे आणि गॅसचे गीझर आले आणि बंब माळ्यावर गेला, नाहीतर मोडीत निघाला. आता तोच बंब पुन्हा खाली उतरू लागला आहे. कोणाला विजेचे बिल जड जाते, कोणी शेतावर घर बांधले आहे, तर कोणाला आजोबांच्या वेळची वस्तू घरात असावी असे वाटते. पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोरबाजार आणि तालुक्याच्या गावची मोडीची दुकाने, सगळीकडे जुने बंब पाहायला मिळतात.

रुग्ण विचारतात, ‘डॉक्टर, जुना बंब घेतला तर चालेल का?’ चालेल. पण तो पारखून घ्यावा आणि योग्य जागी ठेवावा. पारख चुकली तर पैसे जातात, जागा चुकली तर जीव जाऊ शकतो.

बंबाची ओळख

बंबाची रचना साधी आहे. बाहेरून उभे पिंप, मधून आरपार गेलेली नळी, नळीच्या तळाशी जाळी आणि खाली राख पडायला जागा. नळीत विस्तव आणि नळीभोवती पाणी, म्हणून थोड्याशा बंबफोडीवर पाणी लवकर कढते.

बंब दोन तऱ्हेचे मिळतात. एका प्रकारात तोटी खालच्या बाजूला असते. दुसऱ्यात एका तोंडातून गार पाणी ओतले की तेवढेच गरम पाणी वरच्या चोचीतून बाहेर येते. हा दुसरा प्रकार वापरताना रिकामा होत नाही. पहिल्या प्रकारात मात्र विस्तव पेटलेला असताना सगळे पाणी काढून घेतले, तर नळी कोरडी तापते आणि सांधे उकलतात. कथील आणि शिसे यांचा डाख सुमारे १८३ अंश सेल्सिअसला वितळू लागतो. भोवती पाणी असेपर्यंत सांध्याचे तापमान १०० अंशांच्या आसपास राहते, म्हणून तो टिकतो. पाणी संपले की त्याचे संरक्षणही संपले.

विकत घेताना काय पाहावे?

पहिली गोष्ट म्हणजे खिशात लोहचुंबक घेऊन जावे. तांबे आणि पितळ यांना चुंबक चिकटत नाही. चिकटला तर आत लोखंड आहे आणि वर नुसता मुलामा आहे असे समजावे. मधल्या नळीलाही चुंबक लावून पाहावा. मूळ नळी जळाल्यावर कोणी लोखंडी नळी बसवलेली असू शकते, आणि ती गंजते.

दुसरी गोष्ट, बॅटरीचा उजेड टाकून नळी वरून खाली पाहावी. ती कोठे पातळ झाली आहे का, पोचली आहे का, जाळी जागेवर आहे का, हे दिसते. पाण्याच्या बाजूने पांढरा क्षार जाड बसला असेल तर तो बंब विहिरीच्या किंवा बोअरच्या जड पाण्यावर चाललेला असतो. अशा बंबाला सरपण जास्त लागते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. बंब दुकानातच काठोकाठ भरून घ्यावा, खाली कोरडा कागद पसरावा आणि अर्धा तास थांबावे. गळती असेल तर कागद सांगतो. दुकानदार पाणी भरू देत नसेल तर त्याचे कारण समजून घ्यावे आणि पुढच्या दुकानात जावे.

चौथी गोष्ट डाखेची. दुरुस्तीच्या जागी करड्या रंगाचा, खिळ्याने सहज ओरखडा उठणारा मऊ डाख दिसला तर त्यात शिसे असण्याची शक्यता असते. शिसे शरीरात साठत जाते आणि लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. म्हणून बंबाचे पाणी फक्त अंघोळीला वापरावे. ‘आयते गरम पाणी आहे’ म्हणून ते चहाला, भाताला किंवा बाळाच्या दुधाला घेऊ नये. आत हिरवे जंगाल चढले असेल तर घासून, दोन-तीन वेळा पाणी तापवून फेकून द्यावे.

पाचवी गोष्ट, पाणी ओतण्याचे तोंड मोकळे असावे. वाफ वाया जाते म्हणून काही जण तेथे घट्ट बूच मारतात. वाफेला वाट मिळाली नाही तर बंब फुटतो आणि उकळते पाणी अंगावर येते.

खरा धोका कोठे आहे?

बंबाला धुराडे नसते. नळी वरून उघडी असते, म्हणून जे काही जळते ते त्याच खोलीत पसरते. आपल्या जुन्या घरांत हे चालून गेले, कारण बंब परसात किंवा पडवीत असे आणि न्हाणीघर कौलारू, फटींचे असे. आता न्हाणीघर म्हणजे चार फूट बाय सहा फुटांची फरशी लावलेली बंद खोली. थंडी वाजते म्हणून झरोक्याची काच लावलेली आणि दाराला आतून कडी.

लाकूड किंवा कोळसा अपुऱ्या हवेत जळला की कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. धूर असतो तोवर डोळे चुरचुरतात, खोकला येतो आणि माणूस बाहेर पडतो. धूर संपून निखारे लाल झाले की लोकांना वाटते, आता काही धोका नाही, बंब आत घ्यायला हरकत नाही. खरे तर धूर नसलेले निखारेच फसवे असतात. हा वायू जड असून खाली बसतो हाही गैरसमज आहे. तो हवेइतकाच हलका असून खोलीभर मिसळतो.

आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा या वायूला दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरते. त्यामुळे श्वास चालू असूनही मेंदूला आणि हृदयाला प्राणवायू मिळत नाही. प्रसिद्ध फ्रेंच कादंबरीकार एमिल झोला १९०२ साली पॅरिसमध्ये असेच गेले. शयनगृहातील शेकोटीचे धुराडे चोंदले होते. त्यांची पत्नी थोडक्यात वाचली. २०२० च्या जानेवारीत नेपाळमधील दामन येथे केरळचे आठ पर्यटक हॉटेलच्या खोलीत गॅसचा हीटर लावून झोपले आणि उठलेच नाहीत. इंधन कोणते हा प्रश्न नाही. बंद खोलीत काहीही जळणे हाच धोका आहे. न्हाणीघराच्या आत बसवलेल्या गॅस गीझरलाही हेच लागू आहे.

लक्षणे आणि उपाय

सुरुवातीला डोके दुखते, गरगरते, मळमळते, पायांतले बळ जाते. लोक म्हणतात, पित्त झाले. एक खूण लक्षात ठेवावी. घरातील दोघा-तिघांना एकाच वेळी डोकेदुखी होते, ताप नसतो आणि अंगणात आल्यावर बरे वाटते, तर या वायूचा संशय घ्यावा आणि डॉक्टरांना ‘घरात बंब किंवा शेगडी पेटवली होती’ हे आवर्जून सांगावे.

अंघोळीला गेलेले माणूस हाकेला ओ देत नसेल तर दार तोडा, त्याला मोकळ्या हवेत आणा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. आत रेंगाळू नका, नाहीतर वाचवणाराच पडतो. कोरोनानंतर अनेक घरांत बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आहे. ते या विषबाधेत नेहमीप्रमाणे ९८ दाखवू शकते, कारण त्याला दोन्ही वायूंतला फरक कळत नाही. त्यावर विसंबू नका. साध्या हवेत रक्तातील हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात. मास्कने शुद्ध प्राणवायू दिल्यास सुमारे तास-दीड तास. शुद्धीवर आल्यावरही रुग्णालयात नेणे जरूर आहे, कारण काहींना पुढे काही दिवसांनी विस्मरण आणि चालण्यात फरक जाणवतो. गर्भवतीच्या बाबतीत तर अजिबात वाट पाहू नये, पोटातल्या बाळाला जास्त धोका असतो.

मग बंब कसा वापरावा?

बंब अंगणात, परसात किंवा तिन्ही बाजूंनी उघड्या पडवीत ठेवावा. आत न्यायची ती गरम पाण्याची बादली. बंब नव्हे आणि निखारेही नव्हेत. सरपण म्हणून सुकी लाकडे, करवंट्या, गोवऱ्या चालतील. रंगवलेले लाकूड, प्लायवूड, प्लॅस्टिक आणि टायरचे तुकडे घालू नयेत. पेटलेल्या बंबात रॉकेल ओतू नये. लहान मूल हात लावू शकणार नाही असा आडोसा करावा. भाजलेच तर वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. दंतमंजन, शाई, हळद लावू नये.

म्हणून भाव ठरवण्याआधी आपली जागा पाहून या. दाराबाहेर चार हात उघडी जागा असेल तर बंब खुशाल घ्या. फ्लॅटमध्ये तशी जागा नसेल तर घासून-पुसून दिवाणखान्यात शोभेला ठेवा, पण त्यात विस्तव घालू नका.