वल्हे कुणाच्या हातात?

छावणीतील आमच्या शेजाऱ्यांचा भाचा अमेरिकेत, ओरेगॉन राज्यात नोकरीला आहे. मध्यंतरी त्याने एक फोटो पाठवला. मामांनी तो मोठा करून भिंतीवर लावला. भाच्याच्या दोन्ही हातांवर भला मोठा किंग साल्मन मासा! गल्लीतले सारे कौतुक करून गेले. एक आजी मात्र चष्मा पुसत म्हणाल्या, "मासा झाक हाये, पण मागं वल्हं धरून बसलेला तो बाप्या कोण?"

कुणालाच सांगता येईना.

वाचकहो, प्रश्न साधा नाही. किंग साल्मन नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि काही वर्षांनी अंडी घालण्यासाठी पुन्हा नदीत येतो. अंडी घातली की त्याचे आयुष्य संपते. अलास्कातील केनाई नदीत 1985 साली गळाला लागलेला एक मासा तब्बल 44 किलोंचा होता. असा मासा धरायला तिकडे सपाट तळाची, इंजिन नसलेली होडी वापरतात. ती प्रवाहाबरोबर वाहते. वाटाड्या प्रवाहाच्या दिशेने तोंड करून बसतो आणि उलटे वल्हे मारून होडीचा वेग कमी करतो. त्यामुळे गळ पुढच्या डोहात संथपणे उतरतो. खडक कुठे, डोह कुठे, मासा कुठे विसावतो, हे सारे त्यालाच ठाऊक. पाहुणा फक्त गळाची काठी धरतो!

आपल्या देशात कावेरीवर हेच काम बांबूच्या, टोपलीसारख्या गोल होडीतून चाले. हौशी लोक महाशीर माशासाठी येत. मासा धरून, वजन करून परत पाण्यात सोडत. पूर्वी चोरून मासे मारणाऱ्या काही गावकऱ्यांना तिथे वाटाड्याचे काम मिळाले. ज्या हातांनी नदी लुटली, तेच हात ती राखू लागले. पुढे 2012 च्या सुमारास अभयारण्याच्या हद्दीत गळ टाकण्यास बंदी आली आणि त्यांचे ते काम गेले.

माणसाचे नाव राहत नाही, पण कधी कधी त्याचा शब्द राहतो. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने 1839 साली पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील महाशीराची शास्त्रात नोंद केली. आज जगभर तो 'टोर खुद्री' म्हणून ओळखला जातो. 'खुद्री' हा शब्द साहेबाने विलायतेहून आणला नव्हता. तो इथल्याच लोकांच्या तोंडचा. किंग साल्मनचे दुसरे नाव 'चिनूक'. तेही कोलंबिया नदीच्या मुखाशी राहणाऱ्या मूळ रहिवाशांचे नाव. शब्द पुस्तकात गेला, सांगणारा मात्र काठावरच राहिला.

आम्हा कारकुनांना हे नवे नाही. टिपणी आमची, सही साहेबाची! म्हणूनच आजींचा प्रश्न मनाला लागला.

पुढच्या रविवारी मामांनी फोनवर भाच्याला विचारले. तो जरा ओशाळला. "नाव विचारलंच नाही, मामा. दिवसभर एकाच होडीत होतो, त्यानं डबाही दिला," म्हणाला. चार दिवसांनी मात्र त्याने शोधून नाव कळवले. मामींनी फोटो भिंतीवरून काढला आणि माशाखाली दोन नावे लिहिली. वल्हे धरणाऱ्याचे आधी.

तुम्हीही कधी कुणाच्या होडीत बसाल. उतरण्यापूर्वी नाव विचारा.