थेंबाभोवतीचं कवच

एम. फार्म.च्या दुसऱ्या सत्रात अल्जिनेटचे मणी बनवण्याचं प्रात्यक्षिक असतं. कोल्हापुरातलं भारती विद्यापीठाचं फार्मसी कॉलेज असो की वारणानगरचं तात्यासाहेब कोरे कॉलेज, मायक्रोएनकॅप्सुलेशन म्हणजे औषधाच्या कणाभोवती कवच घालण्याची विद्या इथल्या मुलांच्या हाती येते ती बहुधा याच प्रयोगातून.

सोडियम अल्जिनेट तपकिरी समुद्रशेवाळातून काढतात. त्याचं दोन टक्क्यांचं द्रावण करताना घाई चालत नाही. भुकटी एकदम ओतली की गुठळ्या होतात आणि त्या काही केल्या सुटत नाहीत. चिमटीचिमटीने टाकत ढवळत राहायचं, त्यात डायक्लोफेनॅकसारखं औषध मिसळायचं आणि बुडबुडे निघून जाईपर्यंत थांबायचं. मग सिरिंजच्या सुईतून एकेक थेंब कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात सोडायचा. थेंब आत पडताक्षणी त्याच्यावर पापुद्रा धरतो. कॅल्शियमचे आयन अल्जिनेटच्या साखळ्या एकमेकींना जखडतात आणि ही बांधणी बाहेरून आत सरकत जाते. सुई फार उंच धरली तर थेंब आपटून चपटा होतो, फार खाली धरली तर मण्याला शेपूट राहतं. हात बसला की भिजवलेल्या साबुदाण्यासारखे मणी बीकरच्या तळाशी जमतात.

खरी परीक्षा पुढे असते. वाळवलेले मणी 37 अंशांच्या आम्लात दोन तास फिरवतात. जठरात असतं तसं हे आम्ल. त्यात मणी आक्रसून औषध धरून ठेवतो. नंतर आतड्यासारख्या फॉस्फेटच्या द्रावणात टाकला की फॉस्फेट कॅल्शियम ओढून घेतं, मणी फुगतो, सुटतो आणि औषध बाहेर येतं. कवच नुसतं टिकून भागत नाही. ते नेमक्या जागी फुटलं पाहिजे, आणि या विद्येतली सगळी मेहनत त्यासाठीच आहे.

दोषही आहेत. पाण्यात सहज विरघळणारं औषध मणी घट्ट होत असतानाच बाहेर झिरपतं, म्हणून कायटोसान नावाच्या पदार्थाचा आणखी एक थर चढवतात. शिवाय सुईने पाडलेला मणी मिलिमीटरभराचा असतो. एक ते हजार मायक्रॉनची खरी सूक्ष्म कवचं हवी असतील, तर द्रावण तेलात घुसळावं लागतं किंवा फवारून वाळवावं लागतं.

कवचाचं पहिलं मोठं यश औषधातलं नव्हे, कागदावरचं. 1950 च्या दशकात अमेरिकेच्या नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीने रंगद्रव्य जिलेटिनच्या कवचांत भरून कार्बनशिवाय नक्कल उमटवणारा कागद बाजारात आणला. पेनचा दाब पडला की कवचं फुटत. 1980 मध्ये लिम आणि सन यांनी स्वादुपिंडातल्या पेशी अल्जिनेटमध्ये बंद करून मधुमेही उंदरांची साखर काही आठवडे काबूत ठेवली.

कोल्हापूरला मात्र या कवचाचा उपयोग दुधात शोधावासा वाटतो. गोकुळ आणि वारणा दूध संघांच्या या मुलखात दही-ताक घरोघरी आहे. पोटाला उपकारक असे जे जिवाणू आंबवलेल्या दुधातून देता येतात, त्यातले बरेचसे जठराच्या आम्लात मरतात. अल्जिनेटच्या कवचात ते अधिक संख्येने आतड्यापर्यंत जिवंत पोहोचू शकतात. फक्त मणी इतका बारीक हवा, की ताक पिताना जिभेला खडा लागू नये. ते जमवायला फार्मसीची प्रयोगशाळा आणि डेअरीचा तंत्रज्ञ एका टेबलावर बसायला हवेत, आणि ही दोन्ही याच जिल्ह्यात आहेत.