गोळ्यांचा हिशेब आणि चहाचा पेला

रक्तक्षयाविरुद्ध लोहाच्या गोळ्या वाटण्याची राष्ट्रीय योजना १९७० साली सुरू झाली. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के भारतीय स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. कारणे अनेक आहेत; एक मात्र चहाच्या पेल्यात आहे. चहातील टॅनिन आतड्यात लोहाला बांधून ठेवते, आणि त्यातले बरेचसे रक्तापर्यंत पोहोचतच नाही. उलट लिंबू-आवळ्याने शोषण वाढते. मळमळ होते, शौच काळे होते, म्हणून घाबरून कित्येकजणी गोळ्या मध्येच सोडतात, ते वेगळेच. सरकारी हिशेबात वाटलेली गोळी म्हणजे लागू पडलेली गोळी! (आम्हां अर्थशास्त्र्यांचीही हीच खोड.) गोळी देताना ‘चहा तासाभराने घ्या, बाई’ एवढे सांगण्यास कोणती अंदाजपत्रकी तरतूद लागते?