परळी ते अलिबाग : रेल्वे आणि बोट यांची सांगड घालताना

बीड - बीड जिल्ह्याला समुद्र दूर असला, तरी समुद्रकाठची कामे या जिल्ह्याला चुकलेली नाहीत. पोलिस भरती, नोकरीची मुलाखत, न्यायालयाची तारीख अशा कारणांनी मुंबईला आणि तेथून रायगड जिल्ह्याचे मुख्यालय असलेल्या अलिबागला जाण्याची वेळ अनेकांवर येते. बरेचदा हा प्रवास एकट्यानेच करावा लागतो. रात्री परळीहून रेल्वे, सकाळी लोकल आणि दुपारनंतर बोट असा क्रम धरला, तर साधारण एका दिवसात मुंबईतील काम उरकून अलिबाग गाठता येते. मात्र एक वाहन सोडून दुसरे धरताना वेळ चुकली, की भरतीचा उमेदवार मैदानाऐवजी धक्क्यावरच अडकून पडतो.

जिल्ह्यातील दोन रेल्वे

परळी वैजनाथ हे जिल्ह्यातील जुने रेल्वे स्थानक. निजामाच्या राजवटीपासून येथे रेल्वे आहे. बीड शहराने मात्र रेल्वेची दीर्घकाळ वाट पाहिली. अहमदनगर-बीड-परळी या २६१ किलोमीटरच्या मार्गाला १९९५ मध्ये मंजुरी मिळाली. तेव्हा सुमारे साडेतीनशे कोटी रुपयांचा असलेला खर्च पुढे चार हजार आठशे कोटींच्या घरात गेला. २३ सप्टेंबर २०२२ रोजी गाडी आष्टीपर्यंत पोचली आणि १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीड-अहिल्यानगर गाडीला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी हिरवा झेंडा दाखविला. त्या वेळी बीड ते परळी हा सुमारे ९० किलोमीटरचा टप्पा शिल्लक होता.

उद्घाटनावेळच्या वेळापत्रकानुसार ही गाडी रविवार वगळता रोज एकदाच बीडहून दुपारी १ वाजून ४० मिनिटांनी सुटून सायंकाळी साडेसहाच्या सुमारास अहिल्यानगरला पोचणार होती. म्हणजे मुंबईला जाणाऱ्याला अहिल्यानगरहून रात्रीची दुसरी गाडी शोधणे आले. त्यामुळे लांबच्या प्रवासासाठी बीडकरांना एसटीने परळी गाठून तेथून रेल्वे धरणे हा पर्याय उरतोच. नांदेड-पनवेल एक्स्प्रेस रात्री परळीहून निघते आणि लातूर, धाराशिव, बार्शी, कुर्डुवाडी, दौंड, पुणे या मार्गाने सकाळी पनवेलला पोचते.

आरक्षणाची मुदत १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली आहे. परीक्षेची किंवा भरतीची तारीख उशिरा कळणाऱ्यांसाठी ही बाब काहीशी सोयीची आहे. एकट्या महिला प्रवाशांसाठी रेल्वे सुरक्षा दलाची 'मेरी सहेली' ही योजना २०२० पासून आहे. अडचणीच्या वेळी गाडीतून १३९ या क्रमांकावर संपर्क साधता येतो.

पनवेलला निर्णय घ्यावा

पनवेल स्थानकावर उतरल्यावर दोन वाटा फुटतात. मुंबईत काही काम नसेल, तर पनवेलहून पेणमार्गे एसटीने थेट अलिबागला जाणे सोयीचे. त्यासाठी बोटीचा खटाटोप करण्याचे कारण नाही. मुंबईत काम असेल, तर हार्बर मार्गाची लोकल धरावी. ही लोकल गाडी न बदलता छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत जाते आणि वाटेत डॉकयार्ड रोड स्थानक लागते. भाऊच्या धक्क्याला जाण्यासाठी हे स्थानक जवळचे. या प्रवासाला सव्वा तासाच्या आसपास वेळ लागतो. दक्षिण मुंबईत रिक्षा चालत नाहीत, टॅक्सी किंवा बस घ्यावी लागते, हेही नवख्या प्रवाशाने ध्यानात ठेवावे.

बोटींचे तीन मार्ग

मुंबईहून अलिबागकडे जाण्यासाठी बोटीचे मुख्यतः तीन मार्ग आहेत. गेटवे ऑफ इंडियावरून मांडव्याला जाणाऱ्या प्रवासी बोटी साधारण तासाभरात पलीकडे पोचवितात. मांडवा ते अलिबाग हे अंतर सुमारे २० किलोमीटर असून, तेथपर्यंतच्या बसचे भाडे अनेकदा बोटीच्या तिकिटातच धरलेले असते. पावसाळ्यात खवळलेल्या समुद्रामुळे ही सेवा बंद ठेवली जाते. दुसरा मार्ग भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणाऱ्या रो-रो बोटीचा. मार्च २०२० मध्ये सुरू झालेली ही मोठी बोट मोटारीही वाहून नेते आणि एरवी पावसाळ्यातही चालते. तिसरा मार्ग म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणारी जुनी लाँच. मात्र रेवसच्या बंदरात गाळ साचत असल्याने ओहोटीच्या वेळी लाँचला धक्क्याला लागणे कठीण होते आणि फेऱ्या थांबतात.

भरती-ओहोटीचे गणित किनाऱ्यावर तोंडपाठ असते. तिथीला पाऊणने गुणले, की भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन वाजता पूर्ण भरती, आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी म्हणजे नऊच्या सुमारास पूर्ण ओहोटी. हे चक्र दिवसातून दोनदा फिरते आणि रोज पाऊण तासाने पुढे सरकते. अमावास्या व पौर्णिमेला भरती बाराच्या आसपास येते. या दिवसांत उधाण असल्याने सायंकाळी सहाच्या सुमारास पाणी फारच खाली जाते. अशा दिवशी संध्याकाळच्या रेवस लाँचवर विसंबणे धोक्याचे. शेतीच्या कामासाठी पंचांग पाहणाऱ्या घरातील प्रवाशाला हा हिशेब अवघड जाऊ नये.

सुरक्षिततेच्या बाबतीत १८ डिसेंबर २०२४ ची दुर्घटना विसरता येणार नाही. गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल' या बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसली आणि १५ जणांचा बळी गेला. त्यानंतर जीवरक्षक जॅकेटबाबत कडक सूचना निघाल्या. समुद्राची सवय नसलेल्या आणि पोहता न येणाऱ्या प्रवाशाने जॅकेट मागून घेऊन सुरुवातीलाच अंगावर चढवावे. त्यात संकोच बाळगू नये.

हिशेब उलटा मांडावा

एकट्या प्रवाशाला सामान सोपवून तिकिटाच्या रांगेत उभे राहण्याची सोय नसते. चूक झाली तर ती निस्तरायलाही दुसरे कोणी नसते. म्हणून प्रवासाचा आराखडा शेवटापासून सुरुवातीकडे मांडलेला बरा. अलिबागला किती वाजता हजर व्हायचे, त्यासाठी कोणती बोट धरायची, त्या बोटीसाठी मुंबईतील काम किती वाजता आटोपायचे आणि परळीची गाडी दोन तास उशिरा आली तरी हे जमेल काय, अशा क्रमाने विचार करावा. गेटवेवरील शेवटची बोट संध्याकाळीच सुटते. त्यामुळे तिच्या आधीची बोट हीच आपली शेवटची बोट मानावी. सकाळी लवकर हजेरी असेल, तर आदल्या दिवशीच अलिबागला मुक्कामी पोचलेले बरे. ऋतुमान आणि वेळापत्रके बदलत असल्याने निघण्यापूर्वी रेल्वे आणि बोट या दोन्हींच्या वेळा त्या त्या दिवशी पुन्हा तपासणे अगत्याचे आहे.

बीड-परळी मार्ग पूर्ण झाल्यावर बीडकरांचा परळीपर्यंतचा एसटीचा टप्पा वाचेल. समुद्राची वेळ मात्र तिथीप्रमाणेच बदलत राहणार असल्याने, बोटीचा हिशेब प्रवाशाला स्वतःच मांडावा लागेल.