करधोरण व विधेयकांचे विश्लेषण : आपल्या विद्यार्थ्यांसाठी एक दुर्लक्षित वाट

प्रस्तावना

भोपाळच्या साकेत नगरात संध्याकाळी काही विद्यार्थी आमच्याकडे शिकायला येतात. त्यांपैकी एका विद्यार्थिनीने एकदा आपल्या भावाचे पगारपत्रक समोर ठेवले आणि विचारले, "सर, वृत्तिकराचे अकरा महिने २०८ रुपये कापतात आणि एकाच महिन्यात २१२. ही चूक आहे का?" टॅली व जीएसटीचा अभ्यासक्रम तिने चांगल्या गुणांनी पूर्ण केला होता. वर्षाची बेरीज २५०० होते, हे तिने लगेच सांगितले. परंतु २५०० हाच आकडा का, याचे उत्तर तिच्याजवळ नव्हते.

हा दोष तिचा नव्हे. आपण विद्यार्थ्यांना फॉर्म कसा भरावा हे शिकवतो. तो रकाना तेथे कोणी व का आणला, हे शिकवत नाही. रकाने भरणाऱ्याला नोकरी मिळते, ही मोलाची गोष्ट आहे. पण रकाने ठरवणाऱ्यांच्या पंगतीत आपली मुले का दिसत नाहीत, याचे उत्तरही येथेच आहे. करधोरण व विधेयकांचे विश्लेषण या क्षेत्राची ओळख कम्युनिटी कॉलेजमधील अध्यापकांना करून देणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१. एका आकड्याची हकिकत

वृत्तिकर राज्य सरकार लावते. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २७६ ने या करावर कमाल मर्यादा घातली आहे. ही मर्यादा मुळात प्रतिव्यक्ती वार्षिक २५० रुपये होती. १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने ती २५०० रुपये झाली. भोपाळमध्ये २०८ आणि २१२ अशी विभागणी होते, तर महाराष्ट्रात अकरा महिने २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात. वाटा दोन, मुक्काम एकच.

महाराष्ट्राचा वृत्तिकर कायदा १९७५ चा आहे. त्यामागे एक ठोस हेतू होता. ग्रामीण मजुरांना काम देणाऱ्या रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करायचा होता. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे हे या योजनेचे शिल्पकार मानले जातात. पुढे १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदाच झाला. शहरातील पगारदाराच्या खिशातून दुष्काळी भागातील मजुराच्या हाताला काम, असा या कराचा प्रवास होता. १ एप्रिल २०२३ पासून महाराष्ट्राने महिलांसाठी करमुक्त वेतनाची मर्यादा दरमहा १० हजारांवरून २५ हजारांवर नेली.

आता प्रश्न पाहा. १९८८ मधील २५०० रुपयांची आज किंमत किती उरली? दरमहा चाळीस हजार मिळवणारा आणि चार लाख मिळवणारा सारखाच कर भरतो, हे न्याय्य आहे का? महिलांना दिलेल्या सवलतीने तिजोरीत किती घट झाली आणि किती घरांना लाभ झाला? मर्यादा वाढवायची तर ते राज्याच्या हाती आहे की संसदेच्या? असे प्रश्न विचारून कागदपत्रांच्या आधारे त्यांची उत्तरे शोधणे, यालाच करधोरणाचे विश्लेषण म्हणतात. हेच काम विधेयकाच्या मसुद्यावर, तो मंजूर होण्यापूर्वी केले की ते विधेयकाचे विश्लेषण होते.

२. हे काम एका अध्यापकाने केले होते

आपल्याकडे या कामाची परंपरा जुनी आहे. गोपाळ कृष्ण गोखले हे फर्ग्युसन महाविद्यालयातील अध्यापक. १९०२ मध्ये त्यांनी केंद्रीय कायदेमंडळात अर्थसंकल्पावर पहिले भाषण केले. सरकार ज्या शिलकीची प्रौढी मिरवत होते, ती शिल्लक म्हणजे गरीब रयतेवर गरजेपेक्षा जास्त कर लादल्याचा पुरावा आहे, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांवरून दाखवले. मिठावरील कर कमी करण्याची मागणी त्यांनी लावून धरली. १९०३ मध्ये तो कर कमी झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील ग्रंथ १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला. अलीकडच्या काळात डॉ. विजय केळकर यांनी २००२ मध्ये प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष करांवरील कार्यदलांचे नेतृत्व केले आणि पुढे तेराव्या वित्त आयोगाचे अध्यक्षपद भूषवले.

जीएसटी १ जुलै २०१७ पासून लागू झाल्यावर राज्यांच्या पातळीवरही या कामाचे महत्त्व वाढले. जीएसटी परिषदेत केंद्राच्या मताचे वजन एक तृतीयांश व सर्व राज्यांचे मिळून दोन तृतीयांश आहे. निर्णयाला तीन चतुर्थांश बहुमत लागते. परिषदेच्या शिफारशी बंधनकारक नाहीत, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये दिला. म्हणजे प्रत्येक राज्याला आपली बाजू अभ्यासपूर्वक मांडणारी माणसे हवी आहेत.

३. भाषेच्या विद्यार्थ्यांचे भांडवल

हे क्षेत्र गणितवाल्यांचे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. कायदा आकड्यांत नव्हे, वाक्यांत लिहिलेला असतो. 'अधिकारी सूट देईल' आणि 'अधिकारी सूट देऊ शकेल' या दोन वाक्यांतील अंतर करदात्याला महागात पडू शकते. १९६१ च्या आयकर कायद्याच्या जागी आलेला २०२५ चा कायदा हे याचे ठळक उदाहरण. ८१९ कलमांची ५३६ कलमे झाली, शब्दसंख्या जवळपास निम्म्यावर आली आणि 'मागील वर्ष' व 'निर्धारण वर्ष' या गोंधळात टाकणाऱ्या जोडीऐवजी एकच 'कर वर्ष' आले. दर न बदलता केवळ भाषा सुधारणे हेही मोठे धोरण असू शकते.

उर्दू व मराठी जाणणाऱ्याला तर हा प्रांत परका वाटूच नये. महसूल, वसूल, तहसील, जमाबंदी हे शब्द अरबी-फार्सीतून आले आणि मराठी दफ्तरात स्थिरावले. 'जकात' हा शब्द उर्दूत धार्मिक दानाचा आहे, तर मराठीत नाक्यावरच्या कराचा. एकच शब्द दोन घरांत दोन अर्थांनी नांदतो, हे ज्याला समजते तो कायद्यातील व्याख्येचे कलम आधी वाचतो. चांगल्या विश्लेषकाची हीच पहिली सवय होय.

४. प्रवेशाच्या वाटा

(अ) करप्रशासन : मध्य प्रदेशात वाणिज्यिक कर विभागातील पदे राज्य सेवा परीक्षेतून, तर महाराष्ट्रात राज्यकर निरीक्षकाचे पद एमपीएससीच्या परीक्षेतून भरले जाते. भारतीय महसूल सेवेसाठी यूपीएससीची नागरी सेवा परीक्षा आहे. तिच्या आयकर शाखेतील अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण नागपूरच्या राष्ट्रीय प्रत्यक्ष कर अकादमीत होते. या परीक्षांना कोणत्याही शाखेची पदवी चालते.

(आ) अर्थशास्त्रीय संशोधन : भारतीय आर्थिक सेवेसाठी अर्थशास्त्रातील पदव्युत्तर पदवी लागते. दिल्लीतील राष्ट्रीय सार्वजनिक वित्त व धोरण संस्था आणि १९३० साली स्थापन झालेली पुण्याची गोखले संस्था ही या अभ्यासाची जुनी केंद्रे आहेत. भोपाळमध्येही सुशासन व धोरण विश्लेषणासाठी अटल बिहारी वाजपेयी यांच्या नावाची शासकीय संस्था आहे.

(इ) मसुदा व अनुवाद : केंद्रात विधायी विभाग व राज्यांत विधी विभाग कायद्यांचे मसुदे तयार करतात. त्यासाठी कायद्याची पदवी आवश्यक ठरते. महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयात अधिनियमांच्या मराठी अनुवादाचे काम चालते. भाषेच्या पदवीधरांनी त्याकडे अवश्य पाहावे.

(ई) विधिमंडळ सहाय्य : २००५ मध्ये सुरू झालेली पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च ही संस्था तरुण पदवीधरांना सुमारे वर्षभर एका खासदारासोबत काम करण्याची फेलोशिप देते. मराठी भाषक इंदूरच्या खासदार सुमित्रा महाजन लोकसभाध्यक्ष असताना, २०१५ मध्ये, सदस्यांना अभ्यासपूर्ण साहाय्य मिळावे म्हणून अध्यक्षीय संशोधन उपक्रम सुरू झाला.

येथे एक गोष्ट विद्यार्थ्यांना स्पष्ट सांगितली पाहिजे. जागा थोड्या आहेत, स्पर्धा मोठी आहे आणि केवळ प्रमाणपत्र किंवा पदविका पुरेशी नाही. पदवी पूर्ण करण्याचा आग्रह आपणच धरावयास हवा.

५. अध्यापकांनी काय करावे

नवा अभ्यासक्रम मंजूर होण्याची वाट पाहू नये. आठवड्याला एक तास पुरे. पहिल्या तासाला पगारपत्रक किंवा किराणा दुकानाचे बिल घ्यावे व त्यातील एक कर निवडावा. दुसऱ्या तासाला त्या कराचे मूळ कलम वाचावे. सोबत अनुच्छेद २६५ ठेवावा, कारण कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणताही कर आकारता येत नाही, हे तो सांगतो. तिसऱ्या तासाला अर्थसंकल्पात त्या कराचे उत्पन्न शोधावे. चौथ्या तासाला कोणाला भार व कोणाला लाभ, याची दोन बाजूंची यादी करावी. पाचव्या तासाला आपल्या आमदारांना समजेल असे एक पानी टिपण लिहून घ्यावे, मराठीत, हिंदीत किंवा उर्दूत. पुढे मुलाखतीत दाखवायला असे दहा-बारा टिपणांचे बाड गुणपत्रिकेइतकेच उपयोगी पडते.

समारोप

त्या विद्यार्थिनीला आम्ही अनुच्छेद २७६ वाचायला दिला. दुसऱ्या दिवशी ती आली ती नवा प्रश्न घेऊनच : "सर, १९८८ नंतर ही मर्यादा कोणीच का वाढवली नाही?" याचे उत्तर एका ओळीत देता येत नाही. परंतु जी विद्यार्थिनी काल पगारपत्रकात चूक शोधत होती, ती आज संविधानाला प्रश्न विचारत होती. आपल्या वर्गांतून असे प्रश्न विचारणारी मुले निघाली, तर उद्या विधेयकाच्या मसुद्यावरील टिपणाखाली त्यांचीही सही असेल.